रुसलेला डेरा

येलहंका, बेंगळुरू
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

अण्णा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी दचकला असशील, की आता कोण गेलं. कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहोत. तुझ्या धाकट्या बहिणीचं पत्र म्हणजे कुणाच्या तरी दहाव्याची तारीख, अशी सवय मीच तुला लावली आहे.

फोन केला असता, पण आपला फोन तुला माहीतच आहे. तू विचारतोस, ‘जेवलीस?’ मी म्हणते, ‘जेवले, तू?’ मग तू वहिनीकडे फोन देतोस. चाळीस वर्षांत आपण एकमेकांच्या पोटापाण्यापलीकडे गेलो नाही. पत्रात तुला मधेच फोन कुणाकडे देता येणार नाही, म्हणून पत्र.

निमित्त क्षुल्लक आहे. आमच्या कॉलेजची नवी वेबसाइट होते आहे. प्रियदर्शनी, जी एकेकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून चिंच खायची, ती आता आमची विभागप्रमुख आहे. तिनं सगळ्यांकडून दीडशे शब्द मागितलेत: आपली पार्श्वभूमी आणि अभ्यासाचे विषय. बाकीच्यांनी एका दिवसात दिले. मी येत्या मे महिन्यात निवृत्त होणार, तरी माझेच अडकलेत. ती रोज दारात उभी राहून म्हणते, ‘स्वल्प बेगा कोडी मॅडम.’ जरा लवकर द्या. मी म्हणते, ‘सरी,’ बरं. आणि देत नाही.

लिहिलं नाही असं नाही. लिहिलं: जन्म बेळगाव, वडगाव. एम.एस्सी. धारवाड. एकतीस वर्षं अध्यापन. विषय, नैसर्गिक रंगांचं, विशेषतः निळीचं रसायन. सगळं खरं आहे, प्रमाणपत्रं आहेत. तरी वाचलं की वाटतं, ही बाई कोण? मग खोडते.

मी मजेत आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल म्हातारपणी रडगाणं गाते आहे. आमचे हे, यशोवर्धनराव, एअर फोर्समधून निवृत्त झाल्यापासून गच्चीवर मिरच्या लावतात आणि डोक्यावरून विमान गेलं की आवाजावरून त्याचं इंजिन सांगतात. कुणीही विचारलेलं नसताना. कॉलेज देवनहळ्ळीच्या रस्त्यावर, त्यामुळे सकाळी सगळं गाव शहराकडे तुंबलेलं असताना मी उलट्या दिशेनं मोकळी जाते. मुलं चांगली आहेत. मला शिकवायला आवडतं, अजूनही, तास संपल्याची घंटा झाली की राग येतो. एवढं सुख फार थोड्यांना मिळतं आणि ते मला मिळालं आहे.

तुझी सुखदा महिन्यातून एकदा येते. सर्जापूर रोडहून येलहंक्याला येणं म्हणजे तिच्या मते तुमच्या निपाणीला जाण्यासारखंच आहे, फक्त वाटेत उसाचा रस मिळत नाही. तिच्याकडून कळलं, तू दसऱ्याला तिच्याकडे येणार आहेस. अण्णा, मला तू इथे, माझ्या घरी यायला हवा आहेस. अप्पा गेले तेव्हा तू अग्नी देऊन त्याच दिवशी परत गेलास, त्यानंतर आपण लग्नाच्या पंगतीतच भेटलो.

पण त्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर तू येशील की नाही, मला माहीत नाही. आज सांगत नाही. पाच वेळा पेन उचललं आणि पाच वेळा चहा करून प्यायले.

तुझी
लीला


येलहंका
सोमवार, ८ सप्टेंबर

अण्णा,

सुखदाकडून निरोप मिळाला: ‘पत्र पोचलं. प्रोफेसर झाली तरी अक्षर कोंबडीचंच आहे म्हणावं.’ मी हे वाक्य दिवसभर घेऊन फिरले. प्रयोगशाळेत एका मुलीनं ब्युरेट फोडली, तर मी तिला रागावायच्या ऐवजी हसले. ती जास्तच घाबरली.

तू विचारलं नाहीस, पण सांगते, मी नक्की काय शिकवते ते. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगते की नीळ पाण्यात विरघळत नाही. कितीही ढवळा, ती गाळासारखी खाली बसणार आणि सूत कोरडं पांढरं राहणार. तिला विरघळवायचं तर तिच्यातला प्राणवायू काढून घ्यावा लागतो. बाजारातली पावडर टाकून ते पाच मिनिटांत होतं. पण माझ्या वडिलांच्या घरी ते काम जिवाणू करायचे. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा डेरा, त्यात चुना, गूळ, टाकळ्याचं शिजवलेलं बी. ते आंबतं, त्यात जीव धरतो, आणि ते जिवाणू निळीला विरघळवतात. डेऱ्यातलं पाणी निळं नसतं, हिरवट पिवळं असतं. सूत बुडवून वर काढलं की हवेत डोळ्यांदेखत निळं होतं. मग मी सांगते की आमचा डेरा आजोबांनी लावलेला होता आणि तो कधीच पूर्ण रिकामा केला गेला नाही.

पुढचं सांगत नाही. तास संपतो.

तर माझ्या अभ्यासाचा विषय एवढाच. हे जिवाणू कोण, ते किती चुन्यात जगतात, कशानं मरतात. चौदा शोधनिबंध आहेत. एकदा त्यासाठी जपानलाही जाऊन आले. तिथले म्हातारे रंगारी अप्पांसारखेच डेऱ्यात बोट बुडवून जिभेला लावतात.

आणि ऐक, सहा वर्षांपूर्वी मी माझा स्वतःचा डेरा लावला. घराच्या मागच्या पडवीत. ह्यांनी खड्डा खणला आणि आता वासामुळे त्याला माझी सवत म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, हिचं सगळं लक्ष तिकडे. सहा वर्षं जिवंत आहे. वरचा फेस तांब्यासारखा चमकतो.

मी सुखदाला म्हटलं होतं, बाबांना सांग, निदान डेरा बघायला ये म्हणावं. तिनं तुझं उत्तर जसंच्या तसं कळवलं: ‘मला डेऱ्याजवळ बोलवू नको म्हणावं. माझ्या हातानं एक मेलाय.’ आणि सहज पुढे म्हणाली, ‘आत्या, बाबा आमटीत मीठसुद्धा अंदाजानं घालत नाहीत, चमच्यानं मोजतात. दुकानात पावशेर डाळ दोनदा तोलतात. म्हणतात, माझा हात वाईट आहे. असं का गं?’

मी तिला म्हणाले, मला काय माहीत. तिच्या तोंडावर खोटं बोलले, अण्णा.

पुढचं पत्र याच आठवड्यात लिहिते. आता चहा करणार नाही.

लीला


येलहंका
सोमवार, १५ सप्टेंबर

अण्णा,

डेरा तू मारला नाहीस. मी मारला.

हे वाक्य वर लिहून ठेवलं, म्हणजे पुढे पळवाट काढता येणार नाही.

सन १९८५. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन धारवाडहून आले होते आणि जमीन दोन बोटं सोडून चालत होते. अप्पा बोटानं चव घेऊन चुना ठरवतात, तू मूठ झाकून नुसत्या अंदाजानं टाकतोस, याचं मला हसू यायचं. माझ्याकडे आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या होत्या. पुस्तकात आकडा दिलेला होता, निळीच्या डेऱ्याला बारा लागतात. त्या दिवशी तू सकाळी चुना घालून कडोलीच्या कुस्त्यांना गेलास. अप्पा सुतासाठी शहापूरला गेले. मी गोणपाट बाजूला करून पट्टी बुडवली. साडेनऊ.

मला वाटलं, हे लोक चाळीस वर्षं कमी चुन्यात काम करताहेत. मी सुधारून दाखवते. संध्याकाळी अप्पा येतील, सूत बुडवतील आणि म्हणतील, आज रंग असा कसा चढला? मग मी सांगणार होते. आईनं साबण करायला माळ्यावर कॉस्टिक सोडा आणून ठेवला होता. तो बादलीभर पाण्यात विरघळवला आणि ओतला. पट्टी बुडवली, बारा. एवढा आनंद मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही झाला नाही.

पुस्तकातला आकडा बाजारातल्या पावडरीच्या डेऱ्याचा होता. पावडरीला जीव नसतो, तिला बारा काय नि तेरा काय. आपल्या डेऱ्यातले जिवाणू साडेनऊ-दहावर सुखानं नांदत होते. माझ्या कॉस्टिकनं ते तासाभरात मेले असतील. हे मला कळायला पुढे सात वर्षं लागली, पण डेरा गेला हे दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. फेस नाही, वास नाही, सूत बुडवलं तर राखाडी डाग. अप्पांनी बोट बुडवलं, चोळलं, जिभेला लावलं आणि थुंकले. म्हणाले, चुना जास्त झालाय. बोटाला बुळबुळीत लागत होतं ना. कॉस्टिकही तसंच लागतं.

आपल्या घरात डेरा मेला म्हणायचे नाहीत, रुसला म्हणायचे. आणि डेरा रुसला की घरातल्या प्रत्येकानं हात धुऊन त्याच्यासमोर बसायचं आणि आपली चूक मोठ्यानं सांगायची, कारण घरात काही लपलेलं असलं तर तो बोलत नाही. तुला आठवत असेल कोण काय म्हणालं. आई म्हणाली, शेजारच्या सोयराबाईला मी टाकून बोलले. मी म्हणाले, मी दूध उतू घालवलं. आणि तू खाली मान घालून म्हणालास, ‘चुना घालताना माझं लक्ष कुस्तीकडं हुतं. जास्त पडला असंल.’

पडला नव्हता, अण्णा. तू गेल्यावर मी मोजलं होतं. साडेनऊ, म्हणजे बरोब्बर. तुझी मूठ त्या दिवशीही चुकली नव्हती. हे सांगू शकणारी जगात एकटी मी होते आणि मी दुधाचं सांगितलं.

अप्पा तुला म्हणाले, उद्यापासून डेऱ्याला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी तू ट्रंक घेऊन निपाणीला मामाच्या धान्याच्या दुकानात गेलास. अप्पांनी पुन्हा डेरा लावला नाही, डब्यातले रंग आणले, मग तेही बंद केलं.

का सांगितलं नाही? तेव्हा भीती वाटली की अप्पा माझं शिक्षण थांबवतील. त्यांनी ते खरंच थांबवलं असतं. पुढे नोकरी लागली तेव्हा भीती उरली नव्हती, लाज होती. अप्पा गेले तेव्हा वाटलं आता सांगून काय उपयोग. दर वेळी कारण नवं होतं. सुखदानं मिठाचं सांगितलं आणि सगळी कारणं संपली.

मागच्या दोन्ही पत्रांत मी किती सुखी आहे ते लिहिलं. ते खरंच आहे, मी सुखी आहे. पण हे सुख मी तुझ्या जिवावर भोगलं. तू त्या घरातला सगळ्यात चांगला हात होतास. मला माफ कर, असं लिहावंसं वाटतं, पण मागायचा हक्क आहे की नाही ते तू ठरव.

शिवलीला


येलहंका
शुक्रवार, २६ सप्टेंबर

अण्णा,

अकरा दिवस झाले.

सुखदाचा फोन आला होता. ‘आत्या, तू बाबांना काय लिहिलंस? त्यांनी पत्र वाचलं, दुकानाला कुलूप घातलं आणि सरळ आंब्याच्या मळ्यात जाऊन बसले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.’ मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तुझा राग आलाय, पण उद्या बोलू.’ दुसऱ्या दिवशी खरंच बोलली. पोर तुझ्यावर गेली आहे.

तू दसऱ्याला तिच्याकडे येणार हे अजून ठरलेलं आहे म्हणाली. इथे येणार की नाही, ते विचारायची तिची छाती नाही, माझीही नाही. ये असं मी आता म्हणत नाही. हे पत्र फक्त एवढं कळवायला आहे की दीडशे शब्द दिले. तुझं नाव त्यात आहे, म्हणून तुला आधी कळायला हवं. असं लिहिलंय:

‘वडगाव, बेळगाव इथल्या रंगारी घरात जन्म. निळीचं पहिलं शिक्षण वडील विठोजी आणि थोरले बंधू नागनाथ यांच्याकडे. वयाच्या एकविसाव्या वर्षी पुस्तकी ज्ञानाच्या घमेंडीत घरचा जिवंत डेरा मारला, दोष भावावर जाऊ दिला. तो डेरा जगत कसा होता, हे शोधण्यात पुढची सगळी वर्षं गेली. अभ्यासाचे विषय: आंबवलेल्या नीळ-डेऱ्यांतले जिवाणू.’

प्रियदर्शनी वाचून खुर्चीत बसली. म्हणाली, ‘मॅडम, हे पालक वाचतात. स्वल्प पॉझिटिव्ह माडी.’ जरा पॉझिटिव्ह करा. मी म्हटलं, यापेक्षा पॉझिटिव्ह मला येत नाही. तिनं कागद पुन्हा वाचला. मग एवढंच विचारलं, ‘नागनाथ सर आहेत का अजून?’ मी आहेत म्हणाले. तर म्हणाली, ‘मग त्यांना विचारा. ते हो म्हणाले तर मी एक अक्षर बदलणार नाही.’

म्हणून विचारते आहे. बाकी काही नाही.

लीला


येलहंका
रविवार, ५ ऑक्टोबर

अण्णा,

तू आत्ता निपाणीला पोचून पाय धूत असशील. काल तुला बसवून दिलं आणि आज लगेच पत्र, म्हणून हसू नको. समोर असलास की माझं तोंड उघडत नाही, हे आता सगळ्या घराला कळलं आहे.

खंडेनवमीला सकाळी कॉलेजात पूजा होती, तराजूला आणि मीटरला झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडलेला. मी घरी आले तर दारात ऑटो आणि तू ऑटोवाल्याशी कानडीत भांडतोस, आणि सुखदा पलीकडे उभी राहून मला हातानं खुणा करतेय की बोलू नको. तू ज्वारीचं पोतं आत आणलंस, ह्यांच्याशी मिरच्यांबद्दल बोललास, जेवलास, सुपारी कातरलीस. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी ताकात मिठाऐवजी साखर घातली, तेही तू प्यायलास.

मग म्हणालास, ‘डेरा कुठाय?’

पडवीत तू आम्हा सगळ्यांना हात धुवायला लावलेस. ह्यांनाही. मला म्हणालास, ‘सांग.’

मी म्हणाले, ‘पत्रात लिहिलंय की सगळं.’

‘डेऱ्याला पत्र वाचता येत न्हाई. सांग.’

एकसष्ट वर्षांची बाई, तीनशे मुलांसमोर माईकशिवाय बोलणारी, आणि मला चार वाक्यं धड सांगता आली नाहीत. कॉस्टिकपर्यंत आले आणि आवाज गेला. तू थांबलास. मदत केली नाहीस, पण थांबलास. शेवटी म्हणाले, अण्णाचा चुना बरोबर होता. ते मोठ्यानं म्हणाले. मग आपल्या रीतीप्रमाणे बाकीच्यांनाही सांगावं लागलं. हे म्हणाले, मी या डेऱ्याला रोज शिव्या देतो. सुखदा म्हणाली, बाबा, रविवारी ऑफिस आहे सांगून मी झोपलेली असते. तेव्हा पहिल्यांदा तुझ्या मिशीखाली काहीतरी हललं.

पण नंतर तू जे म्हणालास ते मला रोज ऐकू येणार आहे. ‘अप्पांनी ऐकायला पायजे हुतं.’ हो. ते मी आता भरून देऊ शकत नाही.

तू बोट बुडवून जिभेला लावलंस आणि चुना मागितलास. मी सवयीनं आम्लतेचा मीटर आणायला उठले, ह्यांनी माझा पदर धरून खाली बसवलं. तू मूठ झाकलीस आणि टाकलास. दुसऱ्या दिवशी फेस कसा आला होता ते तू पाहिलंसच, मला सांगायला नको. मीटर मी अजून लावलेला नाही.

आता खरं सांगायचं ते. काल मॅजेस्टिकच्या स्टँडवर बेळगावची बस लागलेली होती, तुझी पिशवी मी आत ठेवली होती, आणि तू खालीच उभा राहिलास. मला वाटत होतं आता आपलं सगळं झालं, बोलून झालं, रडून झालं. तू म्हणालास, ‘डेऱ्याचं जाऊ दे गे. डेरे काय, रुसतात, जातात. मी निघालो त्या दिवशी तू स्टँडवर का आली न्हाईस?’

मला आठवतच नव्हतं. खरंच नव्हतं. चाळीस वर्षं मी कॉस्टिक मोजत बसले आणि तू हे.

तू म्हणालास, ‘आई आली. सोयराबाई आली, जिच्याशी आईचं भांडण. तू आली न्हाईस. मला वाटलं, शिकलेली हाय, तिला लाज वाटत असंल माझी. दोन बसी सोडल्या मी. तिसरीला बसलो.’

मी तुला खरं ते सांगितलं. मी माळ्यावर बसले होते, कॉस्टिकच्या त्या रिकाम्या डब्याशेजारी. तुझं तोंड बघायची ताकद नव्हती. लाज वाटत होती ती माझी मला. तुझी मला कधीच लाज वाटली नाही, अण्णा, एक क्षणही नाही.

कंडक्टरनं शिट्टी मारली, ‘बेळगावी, बेळगावी, हत्ती हत्ती,’ चढा चढा म्हणून ओरडला. मी म्हणाले, चढ, सुटेल. तू आत गेलास. मला वाटलं, गेलास. आणि तू पिशवी घेऊन परत खाली उतरलास.

‘ही जाऊ दे,’ म्हणालास. ‘पुढची घेऊ.’

दीड तास आपण त्या सिमेंटच्या बाकावर बसलो. तू शेंगा सोलून मला देत होतास, मी खात होते, आणि तू वेबसाइटचा तो मजकूर दोनदा वाचायला लावलास. ‘थोरले बंधू नागनाथ’ इथे थांबवून म्हणालास, राहू दे असंच. पुढची बस आली. मी पिशवी उचलली, तर तू म्हणालास, ‘घाई काय हाय? हीबी जाऊ दे की.’

तुझी
लीला